'मंजुघोषा' आणि तांबडी भाजी

गेले चार दिवस मी 'मंजुघोषा' वाचत होते. नारो सदाशिव रिसबुड यांची ही कादंबरी १८६८ सालची. बी.ए.ला नाव पाठ केलं, पुढे वर्गात मुलांनाही सांगितलं, पुस्तक मात्र कधी पाहिलं नव्हतं. भाच्याने छापून पाठवलं, म्हणून आता सत्तरीनंतर योग आला.

खरं सांगू? निराशा झाली. अद्भुताची एवढी रेलचेल, की थोड्या वेळाने नवल म्हणून वाटेना. ही माणसं कधी चुलीपुढे बसली असतील असंही वाटेना. अर्थात तो काळच तसा. १८६१ साली हळब्यांची 'मुक्तामाला' आली, त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी भाषेतल्या चमत्कारिक गोष्टी मराठीत आणत होते. वाचकांना गोडी लागली होती.

मी अडले ती प्रस्तावनेपाशी. रिसबुडांचं म्हणणं थोडक्यात असं, की विवाहाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात रंजक असे ना गुण सापडतात ना दुर्गुण. रोजचं लिहावं तर त्यात गोडी नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं.

पुस्तक मिटलं आणि परसात गेले. तांबडी भाजी (पुण्यातल्या मंडळींसाठी : लाल माठ) उपटण्याजोगी झाली होती. दाट उगवलेली कोवळी रोपं आधी मुळासकट काढायची, म्हणजे बाकीची फोफावतात. हे मला शिकवलं वडिलांच्या आतेने. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. नवऱ्याचा चेहरा आठवत नाही म्हणायची. पुढची साठ वर्षं इन्सुलीतल्या ह्याच परसात गेली. आमच्या भाजीत कांदा असे. तिची वेगळी, बिनकांद्याची. लहानपणी मला वाटायचं, तिला कांदा आवडत नाही.

आणि म्हणे विवाहाच्या रीतीत लिहिण्याजोगं काही नाही! रिसबुडांच्या अकरा वर्षं आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं ते विधवांच्या हालांवरच. त्यात धर्मप्रसाराचा हेतू आहे, पण त्या बायका ओळखीच्या वाटतात. पुढे १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. यमूचं लहानपण, सासर, वैधव्य, केशवपन... सगळं त्याच रीतीतलं. जादू औषधालाही नाही, आणि तरी मी ती तीनदा वाचली आहे.

रिसबुडांना ते दिसत नव्हतं असंही नसेल. कदाचित रूढींवरची टीकाच त्यांनी तक्रारीच्या सुरात केली असेल. पण मग तेच लिहायचं ना!

असो. भाजी निवडली, तीन पाण्यांतून काढली, तेलावर हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. सून डोकावली, "आई, कांदो घालूक इसारलात?"

म्हटलं, नाही गो, आज अशीच खाऊया.