स्वादुपिंड हा कोणाचा शब्द? : मराठीतून वैद्यक शिकण्याचा एक विस्मृत अध्याय

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातून बारावी होऊन वैद्यकाकडे गेलेली एक विद्यार्थिनी सुट्टीत भेटायला आली होती. मराठी माध्यमात शिकलेली, वाचनाची आवड असलेली मुलगी. बोलता बोलता ती म्हणाली, ''सर, स्वादुपिंड हा शब्द मी दहावीपर्यंत घोकला. आता वॉर्डात जाते तर तो शब्द डॉक्टर वापरत नाहीत, आणि पेशंटला तर तो ठाऊकच नसतो. मग तो शब्द आहे तरी कोणाचा?'' त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला. मराठी गद्याचा इतिहास शिकवणाऱ्याने या प्रश्नाला सामोरे गेलेच पाहिजे, असे वाटत राहिले. प्रस्तुत टिपण हा त्याचाच एक प्रयत्न आहे.

आपल्या वाङ्मयेतिहासात १८३० च्या आसपासचा काळ मोठ्या आदराने सांगितला जातो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ चे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे. कोश, नियतकालिक आणि व्याकरण या तीन पायांवर आधुनिक मराठी गद्य उभे राहिले, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, आणि ते खरेही आहे. परंतु याच काळात मुंबईत आणखी एक उद्योग चालू होता, त्याची नोंद आपल्या पाठ्यक्रमात सहसा आढळत नाही. १८२६ मध्ये मुंबईत एतद्देशीयांसाठी एक वैद्यकशाळा सुरू झाली. डॉ. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख होते. तेथील शिक्षण देशी भाषांतून चालावे अशी योजना होती आणि त्यासाठी वैद्यकावरील इंग्रजी ग्रंथ देशी भाषांत उतरवण्याचे कामही सुरू झाले होते. ही शाळा १८३२ मध्ये बंद करण्यात आली. ज्या वर्षी मराठीला पहिले वृत्तपत्र मिळाले, त्याच वर्षी तिच्या हातून वैद्यकाचा वर्ग गेला.

पुढे तीनच वर्षांनी, १८३५ मध्ये, कलकत्त्यातील देशी वैद्यकशाळाही मोडली आणि तिच्या जागी इंग्रजीतून शिकवणारे मेडिकल कॉलेज आले. मेकॉलेचे प्रसिद्ध टिपणही त्याच वर्षाचे. मुंबईचे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांचे १८३८ मध्ये निधन झाले; त्यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले, तेव्हा माध्यमाचा प्रश्न जणू निकालात निघाला होता. शिक्षण इंग्रजीतूनच द्यायचे होते. डॉ. चार्ल्स मोरहेड पहिले प्राचार्य झाले आणि शेजारच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयातील खाटांपाशी विद्यार्थी उभे राहू लागले.

१८५१ मध्ये या महाविद्यालयातून पहिली तुकडी बाहेर पडली. तीत आठजण होते. भाऊ दाजी लाड हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. अजिंठ्याच्या शिलालेखांचे आणि कालिदासाचे अभ्यासक म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्याला ते ठाऊक असते. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठीच्या बियांचे प्रयोग केले, हे मात्र त्याला ठाऊक नसते. याच तुकडीत आत्माराम पांडुरंग होते, म्हणजे व्याकरणकार दादोबांचे धाकटे बंधू. एकाच घरातील थोरल्या भावाने भाषेचे अवयव वेगळे करून त्यांना नावे दिली, धाकटा शरीराचे अवयव वेगळे करून त्यांची नावे शिकला. फरक एवढाच, की थोरल्याचा ग्रंथ मराठीत झाला आणि धाकट्याला आपली विद्या परभाषेत घ्यावी लागली. या दोन भावांकडे एकत्र पाहिले, की एकोणिसाव्या शतकातील मराठी ज्ञानव्यवहाराची दुभंगलेली स्थिती एका दृष्टिक्षेपात ध्यानात येते.

शरीराला नावे देण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती, असे मुळीच नाही. सुश्रुताच्या शारीरस्थानात प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग त्वचेपासून एकेक थर घासून काढत आतले अवयव डोळ्यांनी पाहावेत, अशी रीत सांगितली आहे. चरक हाडे तीनशे साठ मोजतो, सुश्रुत शल्यतंत्रानुसार तीनशे सांगतो आणि आजचे शारीरशास्त्र प्रौढ माणसात दोनशे सहा मानते. येथे जुने चूक आणि नवे बरोबर असा झटपट निवाडा करण्यात अर्थ नाही. प्राचीनांच्या गणनेत दात, नखे आणि कूर्चाही येत असत. हाड कशाला म्हणावे याची व्याख्या बदलली, की संख्या बदलते. भाषेच्या अभ्यासकाला हे नवे नाही. मराठीत विभक्ती किती, या प्रश्नाचे उत्तरही विभक्ती कशाला म्हणायचे यावरच अवलंबून असते.

मुद्दा असा, की १८५० च्या सुमारास शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे नावांचे तीन ढीग होते. एक संस्कृत शास्त्राचा, दुसरा इंग्रजी-लॅटिनचा आणि तिसरा लोकांच्या तोंडचा. रुग्ण पटकी म्हणत असे, हिवताप म्हणत असे. ज्या रोगाने अंगावर फोड येत, त्याला तो देवी म्हणे, आणि लस टोचण्यालाही 'देवी काढणे' म्हणे. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली यशस्वी लस टोचली गेली. त्या परक्या क्रियेला मराठीने ज्या सहजतेने आपल्या क्रियापदात सामावून घेतले, तो भाषेच्या सामर्थ्याचा पुरावाच मानावा लागेल. रोग १९८० मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले; शब्दप्रयोग वयस्कांच्या तोंडी त्यानंतरही कितीतरी काळ राहिला.

मोरहेड यांनी १८५६ मध्ये हिंदुस्थानातील रोगांवर दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईतील रुग्णालयांत पाहिलेल्या रुग्णांच्या नोंदी हा त्याचा आधार आहे. आता क्षणभर विचार करावा. ते रुग्ण आपले दुखणे कोणत्या भाषेत सांगत असतील? कोणी मराठीत, कोणी गुजरातीत, कोणी हिंदुस्थानीत. ते इंग्रजी वाक्यात उतरण्यापूर्वी खाटेपाशी कोणीतरी भाषांतर केलेच असणार. त्या अनाम भाषांतराची आपल्या भाषांतराच्या इतिहासात एक ओळही नाही.

मराठी पुन्हा वर्गात आली ती १८६१ मध्ये. ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी आणि गुजराती असे देशी भाषांचे वर्ग उघडले गेले. या वर्गाशी निगडित असलेले डॉ. सखाराम अर्जुन हे आपल्या विशेष लक्षात राहावेत असे गृहस्थ आहेत. वनस्पतिशास्त्राचे ते जाणकार. १८८३ मध्ये मुंबईत निसर्ग-इतिहास संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत ते आणि आत्माराम पांडुरंग असे दोन भारतीय होते. मराठीतून शिकणाऱ्यांसाठी त्यांनी वैद्यकावर मराठीत ग्रंथलेखन केले. निबंध, नाटक आणि कादंबरी यांच्या बरोबरीने मराठी गद्य त्या काळी नाडी, ज्वर आणि फुप्फुस यांचे वर्णन करायला शिकत होते. अचूकपणा, क्रम आणि भावनेला लगाम हे गुण गद्याला अशा लेखनानेच लाभतात.

मग हा प्रवाह आटला का? मराठी असमर्थ होती म्हणून, असे उत्तर सर्रास दिले जाते. ते आम्हाला मान्य नाही. त्याचबरोबर केवळ परकीय सत्तेला दोष देऊन मोकळे होणेही सोपे आहे. खरे कारण त्या वर्गाच्या रचनेतच होते. इंग्रजीतून शिकणारा पदवीधर डॉक्टर होई. मराठीतून शिकणारा दुय्यम दर्जाचा मदतनीस होई. पगार कमी, हुद्दा कमी. १८७८ मध्ये पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल सुरू झाले. तेही 'स्कूल'च होते. 'कॉलेज' व्हायला १९४६ उजाडले. एखाद्या भाषेला खालच्या पायरीवर बसवले, की त्या पायरीवरून वर चढू इच्छिणारा प्रत्येकजण प्रथम ती भाषाच सोडतो. मराठी वैद्यकगद्याचा ऱ्हास शब्दांच्या दारिद्र्याने झाला नाही, तो प्रतिष्ठेच्या उतरंडीने झाला.

या उतरंडीतून मार्ग काढणाऱ्या दोन स्त्रियांची आठवण येथे अपरिहार्य आहे. सखाराम अर्जुनांची सावत्र कन्या रखमाबाई हिने बालविवाहाचे बंधन नाकारून न्यायालयात झुंज दिली आणि पुढे लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८९४ मध्ये ती डॉक्टर झाली. तिच्या आधी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. प्रबंध इंग्रजीत, गोपाळरावांना लिहिलेली पत्रे मराठीत. विद्या एका भाषेत आणि व्यथा दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी आहे. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवून दिला, त्यानंतरच्या वर्षी आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या. ज्या पिढीला या रोगाचे कारण प्रथमच ठाऊक झाले, त्या पिढीच्या त्या विद्यार्थिनी. पण कारण कळणे आणि उपाय सापडणे यांत सहा दशकांचे अंतर होते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे क्षयाने निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ'मुळे ही कहाणी आपल्यापर्यंत पोचली. आपण ती दांपत्यजीवनाची कहाणी म्हणून वाचतो. रोगाचे ज्ञान आणि रोगाचा भोग एकाच देहात कसे नांदले, याची कहाणी म्हणूनही ती वाचायला हवी.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली, तेव्हा त्यांतील इंग्रजी संज्ञा देवनागरीत जशाच्या तशा ठेवल्याबद्दल बरीच थट्टा झाली. आम्हाला त्या थट्टेत फारसे तथ्य वाटत नाही. संज्ञा कुठलीही असो. तिच्याभोवतीचे वाक्य कोणाचे आहे, आणि त्या वाक्यातून शिकलेल्या माणसाला पुढे कोणती खुर्ची मिळणार आहे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. १८६१ च्या वर्गाचा धडा हाच आहे.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. स्वादुपिंड हा कोणाचा शब्द? आज तो पाठ्यपुस्तकाचा शब्द आहे, कारण डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधली, तो जिथे नांदू शकला असता ती, जागा आपण रिकामी सोडली. रुग्णाकडे स्वतःची भाषा आहेच. कळ येते, मुंग्या येतात, भोवंड येते, जीव घाबरा होतो. यांतल्या प्रत्येक प्रयोगात निदानाला उपयोगी पडेल असा सूक्ष्म भेद आहे. कळ म्हणजे ठणका नव्हे आणि ठणका म्हणजे जळजळ नव्हे.

त्या मुलीला आम्ही नंतर एक काम सुचवले. वॉर्डात रुग्ण दुखण्याविषयी जे शब्द वापरतात ते एका वहीत, त्यांचे नाव-गाव न लिहिता, नुसते टिपत जायचे. मागच्या दिवाळीत ती वही घेऊन आली. चाळीस पाने भरली होती. वेदनेसाठीच वेगवेगळे सव्वीस शब्द तिने नोंदवले होते, आणि त्यांतले सात आम्हाला, म्हणजे मराठीच्या प्राध्यापकांना, ठाऊक नव्हते.