बंदी उठली म्हणजे नेमकं काय झालं? संगमनेरच्या तमाशावरून

'राजवट गेली, बंदी उठली आणि संगीत मोकळं झालं.' प्रस्तावात असं वाक्य लिहायचा मोह तुम्हालाही होईल. अफगाणिस्तानबद्दल ते सर्रास लिहिलं जातं: 2001 मध्ये तालिबानची राजवट पडली, 2005 मध्ये 'अफगाण स्टार' टीव्हीवर आला, झालं! पण तिथे गाणाऱ्या मुलींना धमक्या येतच होत्या.

आता आपल्या जिल्ह्यात या. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजली. नाच्या पोऱ्याच्या जागी बाई उभी राहू लागली, त्या सुरुवातीच्या काळातलं हे मोठं नाव. ती 1939 मध्ये गेली. पुढे दहा वर्षांच्या आतच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि बंदी उठली. पण अट आली: संहिता आधी दाखवा, मंजूर करून घ्या. 1954 पासून त्यासाठी परिनिरीक्षण मंडळच आलं.

इथे जरा थांबा. बतावणी म्हणजे जागेवर सुचणारी गोष्ट. सोंगाड्या समोरचे प्रेक्षक बघून बोलतो, गावच्या बड्या माणसाला चिमटा काढतो. हे आधी कागदावर कसं उतरवायचं? फडातले बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी समाजांतले, आणि कित्येकांचा अक्षराशी संबंधच आलेला नाही. त्यामुळे माझ्या मते या अटीचा फायदा लिहिणाऱ्यांना जास्त झाला. 'लोकनाट्य' हा सोज्वळ शब्द रुळला, शहरी नाट्यगृहांत 1965 मध्ये वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं. गावोगावच्या फडातल्या बाईकडे बघायची नजर मात्र फारशी बदलली नाही.

तरी ही नुसती हरण्याची कहाणी नाही हं. संगमनेरलाच स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकरांनी वगात पुरुष भूमिका गाजवल्या, शिवाजी महाराजही रंगवले. पती तुकाराम खेडकरांच्या निधनानंतर त्यांनी स्वतःचा फड उभा केला. 2021 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या फडाचं नाव बघा: 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ'. सरकारमान्य शब्दही ठेवला आणि बदनाम झालेलाही सोडला नाही.

या विषयावर काम करायचं असेल तर मंजूर संहिता वाचाच, पण सुरुवात म्हाताऱ्या सोंगाड्यांपासून करा. मंडळाला काय दाखवलं आणि रात्री फडात काय बोललो, हे दोन्ही त्यांना विचारा.