मराठवाड्यातील कर्करोग-तपासणीचा एक अध्याय

१९९९ साली मराठवाड्यात, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर ओळखण्याचा प्रयोग सुरू झाला व बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने त्यात १,३१,७४६ स्त्रिया आल्या. विरळ ॲसेटिक आम्ल लावल्यावर विकृत पेशींचा भाग पांढरा पडतो आणि उजेडात नुसत्या डोळ्यांनी दिसतो, ही त्यात वापरलेल्या पद्धतींपैकी सर्वांत साधी. परंतु या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याच्या आसपास आणले ते एचपीव्ही, म्हणजे त्यास कारणीभूत विषाणू, शोधणाऱ्या एकदाच केलेल्या चाचणीने, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठीच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना मात्र नेहमीच्या आरोग्यसेवेवरच ठेवले होते, आणि या ज्ञानावर त्यांचेही मोठे ऋण आहे.