तीस रुपये परत करणारा वकील

लहानपणी घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत पळायचो. मग आईची हाक यायची, "अरे, बाहेर ये, कविता म्हणून दाखव." पाहुण्यांचा शेरा ठरलेला: "घुमा आहे जरा." आता ऑफिसात रोज सकाळी स्टँडअप मीटिंगमध्ये माझी पाळी आली की पोटात तोच गोळा येतो. म्हणून आजचा प्रश्न जरा घरचाच आहे. माणूस अबोल जन्मतो, की घर-शाळा त्याला तसं करते?

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी लोकांच्या तोंडी आणली स्वित्झर्लंडच्या कार्ल युंगने, १९२१ सालच्या त्याच्या पुस्तकातून. तो एका पाद्र्याचा मुलगा. बहीण झाली तेव्हा हा नऊ वर्षांचा, तोवर एकटाच खेळायचा. म्हणजे एकटेपणातून अंतर्मुखता, हिशोब सोपा! पण खुद्द युंगला तो पटत नव्हता. एकाच आईची दोन मुलं लहानपणापासूनच वेगळी निघतात, असं त्याचं म्हणणं.

आता दुसरं घर बघा. पोरबंदर, १८६९. वडील दिवाण, घर माणसांनी भरलेलं. त्यातला धाकटा मोहनदास मात्र शाळेची घंटा व्हायच्या वेळी पोचायचा आणि शाळा सुटली की घरी धूम ठोकायचा, कुणी बोलायला येऊ नये म्हणून! एकट्या घरातलाही अबोल, भरल्या घरातलाही अबोल. मग संगोपनाचं गणित कुठे बसवायचं?

लंडनमध्ये तो शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होता, तिथेही बहुतेक गप्पच. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतला. मग मुंबईचं स्मॉल कॉज कोर्ट, पहिली केस, मामीबाई नावाच्या बाईंची, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभा राहिला आणि डोकं गरगरलं. एक प्रश्न सुचेना. खाली बसला, फी परत केली, केस पटेल नावाच्या वकिलाकडे गेली. (इथे मला फार जवळचं वाटतं. प्रॉडक्शनवर कोड ढासळलं की असंच होतं.)

दोनेक वर्षांनी, १८९३. दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गला त्याला रेल्वेच्या डब्यातून उतरवलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर काही दिवसांतच प्रिटोरियात त्याने हिंदी लोकांची सभा बोलावली आणि भाषण केलं, त्याची फारशी चर्चा होत नाही. समोर बहुतेक मेमन व्यापारी. विषय होता व्यापारातला सचोटीचा व्यवहार. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणतात ते हेच.

माणूस तोच होता. बदललं काय? मला वाटतं, कोर्टात त्याला परक्या डावात उतरायचं होतं. प्रिटोरियात विषय त्याने नीट अभ्यासलेला, समोर आपली माणसं, आणि सांगायचं काहीतरी होतं. आपण वातावरण म्हणतो ना, ते फक्त बालपणापुरतं नसतं, चोविसाव्या वर्षीही असतं.

पण गंमत ऐका. भिडेपणा आपल्यातून पूर्ण गेला नाही, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय. उलट त्यामुळे शब्द जपून वापरायची सवय लागली, हा फायदाच मानला. आणि पुढे, लाखोंच्या सभा घ्यायला लागल्यावरही, सोमवारी ते मौन पाळायचे. काही सांगायचं असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे.