गोतसभा आणि सत्यनिर्णय
१६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या मूळ मराठी मुलखात त्या काळी वतनाचा तंटा उद्भवला म्हणजे देशमुख, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांची गोतसभा भरे, वादी-प्रतिवादींच्या तकरिरा व सनदा तपासल्या जात, आणि निर्णयाचा महजर लिहून त्याखाली पाटील नांगराची निशाणी करी. कागद व साक्षी अपुऱ्या पडल्यास रवादिव्य होई: उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढणाऱ्याचा हात पिशवीत बांधून मोहरबंद करीत. ही अंतिम कसोटी क्रूर होती. तथापि सत्य सर्वांसमक्ष, लेखी आणि सामुदायिक जबाबदारीने सिद्ध व्हावे, हा गोतसभेचा आग्रह आजही आदरास पात्र आहे.