२६/११ हल्ल्याचे थेट प्रक्षेपण

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर सुरू झालेल्या दहशतवादी हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणामुळे, खरे दृश्यही केव्हा दाखवावे, हा प्रश्न भारतीय माध्यमनीतीत ऐरणीवर आला. ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट व नरिमन हाऊस येथील सुरक्षा दलांच्या हालचाली वृत्तवाहिन्यांवर दिसत होत्या. त्या पाहून पाकिस्तानातील सूत्रधार हल्लेखोरांना दूरध्वनीवरून सूचना देत होते. अजमल कसाब खटल्याच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर कठोर ताशेरे ओढले. इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा प्रक्षेपणाचे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे समर्थन होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई झाली. कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वार्तांकन मर्यादित ठेवावे लागते.