बोव्हे कॅथीड्रल

फ्रान्समधील एक इतिहासप्रसिद्ध गॉथिक चर्चवास्तू. पॅरिसच्या उत्तरेस सु. ७५ किमी.वरील बोव्हे या शहरात ती असून सेंट पीटर या ख्रिस्तशिष्यास अर्पण केलेली आहे. तिच्या वेदीकक्षाचे दगडी छत जमिनीपासून सु. ४८ मी. उंचीवर आहे. गॉथिक शैलीतील अन्य कोणत्याही चर्चचे छत या उंचीस पोहोचलेले नाही. मात्र १२८४ मध्ये या छताचा काही भाग व १५७३ मध्ये चर्चचा मनोरा कोसळला आणि मध्यदालन कधीच बांधले गेले नाही. त्यामुळे मर्यादा ओलांडणाऱ्या महत्त्वाकांक्षेचा परिणाम म्हणून या वास्तूचा दाखला वारंवार दिला जातो. बांधणीचा आणि पडझडीचा क्रम तपासून पाहिल्यास मात्र हा निष्कर्ष पूर्णतः ग्राह्य ठरत नाही.

पार्श्वभूमी : कॅथीड्रल म्हणजे बिशपचे पीठ असलेले चर्च. पश्चिम यूरोपातील अशा चर्चचा तलविन्यास बहुधा क्रुसाच्या आकाराचा असतो. पूर्वेस वेदीकक्ष, पश्चिमेस उपासकांसाठी लांब मध्यदालन आणि दोहोंच्या मध्ये उत्तर-दक्षिण पसरलेला आडवा कक्ष, अशी त्याची रचना असते. गॉथिकपूर्व काळातील चर्चमध्ये जड दगडी छताचा भार जाड भिंती पेलीत असत. साहजिकच खिडक्या लहान ठेवाव्या लागत आणि आतील भाग अंधारा राही. पॅरिसजवळील सँ दनी येथील मठाच्या चर्चचा नवा वेदीकक्ष ११४४ मध्ये अर्पण करण्यात आला, तेव्हापासून गॉथिक शैलीचा आरंभ सामान्यतः मानला जातो. टोकदार कमान, छताचा भार ठराविक स्तंभांवर उतरविणाऱ्या दगडी शिरा आणि भिंतीला बाहेरून रेटा देणारी टेकू-कमान ही या शैलीची प्रमुख अंगे होत. त्यांच्यामुळे भिंतीचे भारवाहक कार्य बरेचसे संपुष्टात आले आणि तिच्या जागी रंगीत काचांच्या प्रशस्त खिडक्या बसविणे शक्य झाले.

यानंतरच्या शतकात उत्तर फ्रान्समधील शहरांत चर्चच्या उंचीबाबत जणू चढाओढ लागली. ११९४ च्या आगीनंतर उभारलेल्या शार्त्र येथील कॅथीड्रलचे छत सु. ३७ मी. उंच आहे, तर १२२० मध्ये आरंभिलेल्या आम्यँ येथील कॅथीड्रलचे छत ४२ मी.हून थोडे अधिक उंच आहे. बोव्हे हे आम्यँच्या नैर्ऋत्येस, नजीकचेच शहर होय.

बांधणी : बोव्हेचे जुने कॅथीड्रल १२२५ मध्ये आगीत सापडले. त्यानंतर बिशप मीलाँ द नांतय याने नव्या वास्तूचा संकल्प केला. बोव्हेचा बिशप हा शहराचा सरंजामी अधिपतीही असे. त्यामुळे कॅथीड्रलची भव्यता ही श्रद्धेइतकीच सत्तेचीही खूण होती. काही वर्षांतच शहरातील दंगलीच्या निमित्ताने बिशप व राजा नववा लूई यांच्यात तीव्र संघर्ष उद्‌भवला. पुढील काम निरनिराळ्या बिशपांच्या कारकीर्दीत टप्प्याटप्प्याने होत गेले आणि त्याबरोबर आराखड्यातही फेरफार होत गेले. १२७२ च्या सुमारास वेदीकक्ष उपासनेसाठी वापरात आला.

या काळातील स्थपतींपाशी भार व ताण यांचे गणित नव्हते. घडीव दगडाचे ज्ञान, भूमितीची प्रमाणे आणि पूर्वीच्या इमारतींचा अनुभव एवढ्याच आधारावर ते काम करीत. नवी वास्तू हाच त्यांचा प्रयोग असे.

छताची पडझड : २९ नोव्हेंबर १२८४ रोजी वेदीकक्षाच्या छताचा भाग व काही टेकू-कमानी ढासळल्या. दुरुस्तीचे काम चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालले. मूळच्या रुंद खणांमध्ये नवे स्तंभ घालून तीन खणांचे सहा खण करण्यात आले आणि त्यांवर सहा पाकळ्यांचे छत रचण्यात आले. आज वेदीकक्षात उभ्या रेषांची जी दाट रांग दिसते, ती या दुरुस्तीतून आलेली आहे. विशेष म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांनी छताची उंची कमी केली नाही. ते छत पुन्हा पूर्वीच्याच पातळीवर उभारण्यात आले आणि सहाशेहून अधिक वर्षे ते तेथे टिकून आहे.

या पडझडीच्या कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद व्ह्योले-ल-द्युक याच्या मते दोष बाह्य आधाराच्या एका तपशिलात होता. तेथे एका जड शिलाखंडाखाली सडपातळ जोडस्तंभिका बसविलेल्या होत्या. थरांनी रचलेला मुख्य आधारस्तंभ दरजांतील चुना दबल्यामुळे किंचित खचला; अखंड दगडाच्या स्तंभिका मात्र खचल्या नाहीत. त्यामुळे भार त्यांच्यावर येऊन त्या भंगल्या असाव्यात. केंब्रिजचे अभियंते झाक हेमन यांनी १९६० नंतरच्या दशकात अशा वास्तूंचे गणिती विश्लेषण केले. दगडावर येणारा दाब त्याच्या भंगक्षमतेच्या मानाने फारच अल्प असतो आणि वास्तूचे स्थैर्य मुख्यतः तिच्या भूमितीवर अवलंबून असते, असे त्यांनी दाखवून दिले. अमेरिकन अभियंते रॉबर्ट मार्क व त्यांचे सहकारी यांनी प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींवर ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने प्रयोग करून १९७६ मध्ये वेगळे मत मांडले. वाऱ्याच्या दाबाने बाह्य आधाराच्या मधल्या स्तंभात ताण निर्माण होऊन चुन्याच्या दरजांना तडे गेले असावेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कलेतिहासकार स्टीफन मरी यांनी बांधकामाचे टप्पे व मधल्या काळात बदललेला आराखडा यांवर भर दिला आहे. तपशिलात भिन्न असली, तरी ही मते केवळ उंचीला दोष देत नाहीत. त्यांचा रोख अपुऱ्या किंवा सदोष आधाराकडे आहे.

आडवा कक्ष व मनोरा : शतवार्षिक युद्धाच्या (१३३७–१४५३) धामधुमीत बांधकाम थांबले. १५०० मध्ये मार्तँ शांबीज या स्थपतीने आडव्या कक्षाचे काम हाती घेतले. ज्वालांसारख्या वळणदार नक्षीने नटलेली त्याची दर्शनी बाजू हा उत्तरकालीन गॉथिक शैलीचा उत्कृष्ट नमुना मानला जातो. सोळाव्या शतकाच्या मध्यास हा कक्ष पूर्ण झाल्यावर पश्चिमेकडील मध्यदालन आधी बांधणे क्रमप्राप्त होते. परंतु ते बाजूस ठेवून क्रुसाच्या छेदस्थानावर प्रचंड मनोरा उभारण्याचे ठरले. झां व्हास्त याच्या देखरेखीखाली १५६९ मध्ये तो पूर्ण झाला. त्याची उंची सु. १५३ मी. होती व त्या काळातील अत्युच्च वास्तूंमध्ये त्याची गणना होई.

मनोऱ्याचे चार आधारस्तंभ पूर्वेस वेदीकक्षाने, तर उत्तर व दक्षिणेस आडव्या कक्षाच्या भुजांनी सावरलेले होते. पश्चिमेस मात्र मध्यदालन नसल्यामुळे तिकडील स्तंभांना रेटा देणारे काहीच नव्हते. हे स्तंभ कलू लागल्याचे १५७१ मध्ये तज्ज्ञांच्या पाहणीत आढळले आणि आधार वाढविण्याचा सल्लाही देण्यात आला; तथापि उपाय वेळेवर झाले नाहीत. ३० एप्रिल १५७३ रोजी, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, भाविक मिरवणुकीने बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात मनोरा कोसळला. मनोरा पुन्हा बांधण्यात आला नाही. मध्यदालनाचे काम सतराव्या शतकाच्या प्रारंभी सोडून देण्यात आले व पश्चिमेची उघडी बाजू भिंत घालून बंद करण्यात आली.

मध्यदालनासाठी योजिलेल्या जागेवर दहाव्या शतकातील जुन्या कॅथीड्रलचा काही भाग अद्यापि उभा आहे. लहान दगडांची, बसकी आणि साधी अशी ती वास्तू नव्या चर्चच्या पायथ्याशी टेकल्यासारखी दिसते. नवे काम पुरे झाले असते, तर हे जुने अवशेष उरले नसते.

आधुनिक काळ : जून १९४० मधील बाँबहल्ल्यात बोव्हेचा जुना भाग जळून खाक झाला, कॅथीड्रल मात्र बचावले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाह्य आधारांना जोडणाऱ्या जुन्या लोखंडी पट्ट्या अनावश्यक समजून काढण्यात आल्या. परंतु वादळी वाऱ्यात आधार हेलकावू लागल्याचे दिसून आल्याने त्यांच्या जागी पुन्हा पोलादी बंध घालावे लागले. १९९० नंतरच्या दशकात आडव्या कक्षात लाकूड व पोलाद यांचे भक्कम टेकू उभारण्यात आले. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी लेसर किरणांनी वास्तूचे सूक्ष्म मोजमाप करून तिची त्रिमिती प्रतिकृती सिद्ध केली.

मूल्यमापन : बोव्हेनंतर गॉथिक स्थपतींनी उंचीचा नाद सोडला, असे विधान अनेकदा केले जाते. परंतु तेराव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या बांधकामांचा वेग मंदावण्यास पैशाची चणचण, बदलती अभिरुची आणि पुढे युद्धे ही कारणेही तितकीच महत्त्वाची होती. बोव्हेचे दोन अपघात एकाच स्वरूपाचे नाहीत. पहिला पूर्वानुभवाच्या पलीकडे गेलेल्या प्रयोगात घडला आणि त्यातून दुरुस्तीचे नवे ज्ञान हाती आले. दुसरा बांधणीचा क्रम डावलल्यामुळे व मिळालेल्या इशाऱ्याकडे वेळीच लक्ष न दिल्यामुळे घडला. पंधराव्या शतकापूर्वीच्या वास्तूंबाबत लेखी पुरावा तुटपुंजा असल्याने वास्तूचे दगडच अभ्यासकाला साक्षीदार म्हणून वापरावे लागतात. त्या दृष्टीने ही अपूर्ण वास्तू पूर्ण झालेल्या अनेक कॅथीड्रलांपेक्षा अधिक बोलकी ठरली असून गॉथिक बांधणीच्या अभ्यासात तिला मोलाचे स्थान प्राप्त झाले आहे.